चंद्रोदय वजा दीड तास

माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभा जन्म धरणांचे दरवाजे उघडण्यात आणि बंद करण्यात गेल्यामुळे त्यांना उंच इमारतींचं कौतुक नाही. अबू धाबीत, अल रीम आयलंडवरच्या आमच्या एकतिसाव्या मजल्याच्या बाल्कनीत उभे राहून ते पहिल्या दिवशी म्हणाले, "छान आहे. पाणी कसं चढवतात?" आणि आत जाऊन बसले. मॉलमध्ये नेलं, तर सरकत्या जिन्याच्या पोटात काय आहे ते वाकून बघत राहिले. सासूबाई जाऊन वर्ष व्हायचं होतं. बायको मला म्हणाली, "काहीतरी कर रे. ते दिवसभर त्या एसीच्या जाळीकडे बघत बसतात."

म्हणून मी एक कार्यक्रम आखला. मी कार्यक्रम आखला की आमच्या घरात आधी शांतता पसरते, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. दुबईत खाडीकाठी जुन्या वस्तीचा एक दरवाजा आहे, डागडुजी करून उभा केलेला. तिथून खाडीच्या कडेकडेने चालत गेलं की जुना पूल लागतो. त्याचा मधला भाग उचलता येतो, रात्री मोठी बोट जायची असली म्हणजे. पुढे तसाच आणखी एक. दरवाजा आणि पूल, सगळं पायी.

"उचलतात?" सासरे जागचे उठले. "मग वजनाला वजन कुठे ठेवलंय?"

कित्येक महिन्यांनी त्यांनी एवढ्या उत्साहाने काही विचारलं होतं. बायकोने माझ्याकडे बघून मान डोलावली. एवढ्यावर थांबायला हवं होतं.

शनिवार ठरला आणि शनिवारी निघाली संकष्टी. श्रावणातली. हा उपास मुळात सासूबाईंचा. त्या गेल्यावर सासऱ्यांनी तो स्वतःकडे घेतला, बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याने चार्ज घ्यावा तसा. डॉक्टरांनी साफ नको म्हणून सांगितलेलं, कारण त्यांना मधुमेह आहे. बायकोने आरडाओरडा केला, शेवटी तडजोड झाली: चंद्र दिसला की त्याच मिनिटाला खायचं. तिने उकडीचे मोदक डब्यात भरले.

"आणि चंद्र कधी आहे इथे?" तिने विचारलं.

"ते माझ्याकडे लागलं," मी म्हणालो.

आमच्या स्वयंपाकघरात मुंबईहून आणलेलं भिंतीवरचं कॅलेंडर असतं. त्यात मुंबईचा चंद्रोदय सव्वानऊच्या पुढे छापलेला. ऑफिसात मी दिवसभर तीन देशांच्या मीटिंग्जच्या वेळा जुळवतो, त्याचा मला पगार मिळतो. मी डोळे मिटून हिशोब केला. भारत आपल्या दीड तास पुढे. "पावणेआठ!" मी जाहीर केलं. "पुलावर पोचेपर्यंत चंद्र हजर."

"बघ," सासरे मुलीला म्हणाले, "जावईबापूंना कागदसुद्धा लागत नाही."

ऑगस्टमधली दुबईची संध्याकाळ ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो: हवा नसतेच. आकाश आणि खाडी एकाच मळकट रंगाची होतात, आणि सूर्य बुडत नाही, नुसता पुसला जातो. आम्ही गाडी जुन्या वस्तीत लावली आणि चालत दरवाजाशी आलो. आसपास माणूस नव्हतं. असल्या उकाड्यात बाहेर कोण पडणार?

दोन्ही मोठी दारं बंद होती, जाड फळ्यांची, लोखंडी गोळे ठोकलेली. एका दारातली छोटी दिंडी मात्र उघडी होती, माणूस वाकून जाईल एवढी. सासऱ्यांनी आधी बिजागरीवरून हात फिरवला, मग चौकटीवरून, मग खाली वाकून आत गेले. आत अंधार होता. ते आत गेले आणि बाहेर आम्हाला काहीच ऐकू येईना. पावलंसुद्धा नाहीत.

"बाबा?" बायकोने हाक मारली.

मी घाईने आत शिरलो आणि चौकटीने माझ्या कपाळाचा समाचार घेतला. डोळ्यांपुढचे काजवे विझले तेव्हा सासरे दिसले. आतल्या अडसरावर हात ठेवून उभे होते.

"कडी आतून असते," ते म्हणाले. "बाहेर राहिलेल्याचं काही चालत नाही."

त्यांना धरून मी बाहेर काढलं. त्यांचा हात ओला आणि गार लागला. एवढ्या उकाड्यात हात गार कसा, हे कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात आलं असतं. मी टेंगूळ चोळत होतो.

खाडीच्या कडेने निघालो. लाकडी गलबतं एकाला एक लागून उभी, एकही हलत नव्हतं. एरवी सासऱ्यांनी प्रत्येकाचा दोर कसा बांधलाय ते बघितलं असतं. ते काही बघत नव्हते. दोनदा त्यांनी विचारलं, "पूल आला का?" आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, "हा काय, आलाच." पूल समोर दिसत होता आणि जवळ येत नव्हता.

"टॅक्सी करूया का?" बायको म्हणाली.

"अगं, पायी बघण्यातच मजा आहे," मी म्हणालो. हे वाक्य ती अजून मला ऐकवते, शक्यतो पाहुण्यांसमोर.

पुलावर चढलो तेव्हा पावणेआठ होऊन गेले होते. शेजारून गाड्या अशा सुसाट जात होत्या की पायाखालचा पदपथ थरथरत होता. मधोमध आडवी फट दिसली, उचलायचा भाग जिथे बाकीच्या पुलाला भेटतो ती. फटीतून खालचं पाणी दिसत होतं, काळं. एखादी गाडी गेली की फट खण्णकन वाजायची.

"बाबा, हे बघा, इथून उचलतात!"

सासरे फटीच्या अलीकडे थांबले. पाय उचलला, परत ठेवला.

"उचलायची वेळ झाली का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, ते रात्री उशिरा."

"मग हलतोय का?"

बायको माझ्याकडे वळली. "चंद्र कुठाय?"

मी पूर्वेकडे बघितलं. तिथे मळकट अंधार होता, आणि त्यात क्रेनचे लाल दिवे.

"धूळ आहे जरा. येईल, इन्शाल्ला."

"येईल म्हणजे? तो काय बस आहे?"

मी फोन काढला आणि इथला चंद्रोदय शोधला. नऊ वाजून गेल्यावर. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आकाशात पडायच्या आधी. मुंबईत चंद्र उगवतो त्या क्षणी आपल्या घड्याळात किती वाजलेले असतात, ते मी काढलं होतं. पण मुंबईत दिसला म्हणून चंद्र त्याच क्षणी दुबईत कसा दिसेल? तो इथे यायला आपला वेळ घेणारच. त्याला आमच्या मीटिंगचं आमंत्रण गेलं नव्हतं.

"तासभर... तासाहून जास्त," मी म्हणालो.

तिने डबा उघडला. "बाबा, खाऊन घ्या."

"चंद्र नाही." सासरे कठड्याला टेकले होते. सदरा अंगाला चिकटला होता, ओठांच्या कडा पांढुरक्या.

"चंद्र मी बघते. तुम्ही खा."

"चंद्र नाही," ते पुन्हा म्हणाले, आणि दात घट्ट मिटले.

मी एक प्रयत्न केला. क्रेनपलीकडे एका इमारतीवर गोल पिवळा दिवा होता. "तो बघा बाबा, चंद्र!" त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. बायकोने बघितलं, मग माझ्याकडे. "खलास," ती हळू आवाजात म्हणाली. "आता एक शब्द बोलू नकोस."

मी हात करून गाड्या थांबवायला लागलो. पुलावर कोण थांबणार? गाडीमागून गाडी, फट खणखणत होती. सासरे कठड्यावरून घसरत खाली बसले. मुलीकडे बघत होते, पण तिला बघत नव्हते. मग अगदी रोजच्या आवाजात, संध्याकाळी घरी येऊन चपला काढताना विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "ऐकलंस का? गॅस बंद केलास ना?"

सासूबाईंना ते असंच बोलायचे. "ऐकलंस का" हेच त्यांचं नाव होतं.

बायको त्यांच्याजवळ खाली बसली. मग तिने मोदक फोडला, सारणाचा गूळ बोटावर घेतला, आणि जो आवाज मी जवळजवळ वर्षभर ऐकला नव्हता त्या आवाजात म्हणाली, "केलाय हो. तोंड उघडा बघू. मला अजून मागचं आवरायचंय."

त्यांनी तोंड उघडलं.

ती गूळ चाटवत राहिली, थोडा थोडा, मग बाटलीतलं पाणी. मी शेजारी उभा होतो, दोन्ही हातांचं काय करावं हे न कळून. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे चोळले, आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाले, "इथे का बसलोय आपण?"

चंद्र उगवला तेव्हा आम्ही टॅक्सीत होतो, दवाखान्याच्या वाटेवर. तांबडा, सुजलेला, धुळीतून वर येत होता. सासऱ्यांनी काचेतून बघून हात जोडले. बायकोने खिडकीकडे पाठ केली होती.

डॉक्टर जे म्हणाले ते म्हणाले. अर्धं सासऱ्यांना उद्देशून होतं, अर्धं मला. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आता बायकोच्या ताब्यात आहे, आणि मला त्यातली सुट्टीसुद्धा विचारून बघावी लागते.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना विचारलं, "काल काय आठवतंय?"

"दरवाजा," ते म्हणाले. "वाकून आत गेलो. मग टॅक्सी." वर म्हणाले, "पूल राहिलाच की बघायचा."

"पुलाचं नाव काढायचं नाही."

"बरं. पण त्या दरवाजातून मी बाहेर आलो का?"

"आलात की. मी धरून आणलं," मी म्हणालो.

"मला नाही आठवत," ते म्हणाले. हे त्यांनी त्या आठवड्यात दोन-तीनदा म्हटलं, जेवताना, टीव्हीसमोर. एकदा तर न विचारताच.

सासरे पुण्याला परत जायच्या दिवशी विमान दुबईहून होतं. आम्ही सकाळी लवकर निघालो, त्यांना पोटभर नाश्ता देऊन, खिशात लाडू कोंबून, आणि वाटेत दरवाजाशी थांबलो. ते वाकून आत गेले. या वेळी मी आधीपासून त्यांच्या मागे होतो. अडसराला त्यांनी हात लावला नाही. वळले आणि दिंडीतून बाहेर आले. त्यांच्या मागून मी, वाकून, सावधपणे, आणि तरीही चौकटीवर डोकं आपटलंच, जुन्याच टेंगळावर.

"अरे देवा," बायको म्हणाली. "यल्ला बाबा, चला, चेक-इन आहे."

ते हलले नाहीत. दिंडीचं दार एका हाताने उघडं धरून उभे होते, आतल्या अंधाराकडे बघत. मी बाहेर आलो होतो, बायको तर आत गेलीच नव्हती.

"कुणाची वाट बघताय, बाबा?" तिने विचारलं.

"कुणाची नाही," ते म्हणाले. आणि दार आणखी थोडा वेळ धरून ठेवलं.