अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या

अकोल्यात शिकताना मी भाड्याने राहायचो. एका उन्हाळ्यात रात्री घरमालक काकांच्या विजेवरच्या गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवून थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला न्यायचं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सॉकेट, वायर सगळं तपासलं, पण काही कळेना. शेवटी संकोचत गावी, भातकुलीला, बाबांना फोन लावला.

"अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकलं काय?"

शेतातल्या मोटरच्या अर्थिंगची तार जिथे जमिनीत पुरलेली, त्या खड्ड्यात बाबा दर उन्हाळ्यात मीठ-पाणी ओतायचे. "झाड लावलं काय, बाबा?" म्हणून मी हसायचो.

अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक होता; माती सुकली की अर्थिंग मिळत नाही आणि चार्जर बंद पडतो. दोन बादल्या ओतल्या आणि दिवा हिरवा झाला.

"कालेजात काय शिकून राहिला बे?" बाबा म्हणाले.

सकाळी निघताना काकूंनी बाबांचा नंबर लिहून घेतला.