घाऱ्या डोळ्यांचा राजपुत्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या आईला नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही धड ठाऊक नाही.

दुष्काळाचं साल. दूध सोसायटीनं नेकनूरजवळच्या माळावर चारा छावणी उघडलेली. गावोगावची जनावरं तिथं, अन् त्यांच्यामागं आम्ही माणसंही. शाळेला सुट्ट्या. मग दुपारी पोरं गोळा करून मी गोष्ट सांगायची. माझं तोंड पहिल्यापासून लई चालायचं.

गोष्ट माझीच, मनानं रचलेली. एका राजाला दोन लेकरं. थोरली राजकन्या बापाच्या वळणावर गेलेली, शूर, शहाणी — ती कोण, हे सांगायला हवं का? धाकटा राजपुत्र घाऱ्या डोळ्यांचा. त्याच्या अंगात आज्याचं दगाबाज रक्त. एक दिवस तो राज्यातली नदी राक्षसाला विकणार!

माझ्या धाकट्या भावाचे, भागवतचे, डोळे घारे. आमच्या आज्याचेही तसेच होते, अन् तो आजीला टाकून पळालेला, हे सगळ्यांना माहीत. पोरं भागवतकडं बघून फिदीफिदी हसायची. तो बिचारा तरी रोज 'अक्का, अक्का' करत माझी गोष्ट ऐकायला यायचा. आणि मला — खोटं कशाला बोलू — मजा यायची. आमचे वडील, आबा, त्याला जवळ घ्यायचे, मला नाही. त्याची जळजळ होती ती.

एका सकाळी छावणीची टाकी रिकामी. टँकरचं सगळं पाणी मातीत. जनावरं हंबरतायत, बाया कपाळ बडवतायत — तोटी कुणी उघडी टाकली? पोरांनी एका दमात बोट दाखवलं. घाऱ्यानं! मोठ्यांनीही माना डोलावल्या, म्हणे खाण तशी माती. आबांनी त्याला सगळ्यांदेखत दाव्यानं झोडपलं.

"म्या झोपलो हुतो, अक्काला इचारा!" एवढंच तो ओरडत होता.

अक्काला विचारलं. अक्का खाली बघून म्हणाली, "मला काय म्हाईत?"

तोटी — तोटी मी उघडी टाकली होती. महिनाभर केसांना पाणी नव्हतं. पहाटे चोरून डोकं धुवायला गेले, कुणाची तरी चाहूल लागली, तशीच पळाले.

आबांनी त्याच साली भागवतला मामाबरोबर ऊसतोडीला धाडलं. त्याची शाळा सुटली ती सुटलीच. आबा मरेपर्यंत त्याच्याशी धड बोलले नाहीत.

परवा गेलते त्याच्याकडं, सांगायचंच असं ठरवून. त्यानं चहा टाकला. बोलता बोलता आपणहून म्हणाला, "अक्का, ती तोटी म्याच सोडली असंल गं, झोपंत. माझ्या पोराला दूध सोसायटीत काम लागत हुतं, म्या नगं म्हनलो. आपल्या रक्ताचा काय भरवसा?"

साखर बरोबर हाय का, त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. चहा प्यायले, आणि संध्याकाळच्या एस्टीनं घरी आले.