खांडबाऱ्याची गितार

मिस्तरी आधी ठोकायचा आणि मग ऐकायचा. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून त्याच्या हाडाने ठोकायचा. फळी असो, कलिंगड असो, माझ्या पार्सल ऑफिसचं दार असो, नाहीतर हाताखालच्या माणसाचं टाळकं असो; टक टक करायचं, कान लावायचा आणि विचारायचं, "बोलस का?" उत्तर पटलं तर ठीक. नाही पटलं तर "मुकं शे!" म्हणून ती वस्तू अंगणापार भिरकावून द्यायची. हाताखालची माणसं भिरकावता येत नसत, पण ती आपणहून पळून जात.

मी तेव्हा खांडबारा स्टेशनात पार्सल क्लार्क होतो. रेल्वेच्या कुंपणाला लागून मिस्तरीचं घर आणि पडवीतच त्याचं काम. बैलगाड्या करायचा. त्याच्या चाकाला तोड नव्हती आणि त्याच्या रागाला धरबंध नव्हता.

एकदा एक पाटील नवी गाडी घेऊन परत आले. "मिस्तरी, चाक कुरकुर करस," एवढंच म्हणाले. मिस्तरीने चाकावर टक टक केलं. "कुरकुर करस? थांबा, बंदच करी देस." आणि कुऱ्हाड घेऊन पाटलांच्या देखत एकेक आरा फोडून काढला. पाटील गाडीत बसलेलेच होते. गाडी एका अंगाला कलली, तसे तेही कलले. महिनाभराने त्यांनीच माणूस पाठवून नवं चाक करून घेतलं. तुम्ही म्हणाल, असल्या माणसाकडे जायचं कशाला? त्याचं चाक बापाकडून मुलाकडे जायचं, म्हणून.

हे सगळं सांगताना हसू येतं. पण पुढचं सांगताना येत नाही.

मिस्तरीण बारीक अंगाची, कामाला वाघ. लहानपणी गोवराने तिचा एक कान गेला होता. एका सकाळी तिने पडवीतली सुकायला ठेवलेली सागाची एक फळी चुलीत घातली. वर्षभर वाळवलेली फळी. मिस्तरी आत गेला. "माले सरपण वाटनं," असं ती म्हणाल्याचं मी कुंपणाअलीकडून ऐकलं आणि मग थप्पड ऐकली. दिवसभर वाकस चालवणाऱ्या हाताची थप्पड होती ती. लाकूड तासायचं ते हत्यार मला दोन्ही हातांनी पेलवत नसे. तो एका हाताने चालवायचा. मिस्तरीण बाहेर आली तेव्हा तिच्या चांगल्या कानातून रक्त मानेवर ओघळत होतं. कान भरून आला, पण त्या दिवसानंतर तिला काही ऐकू येईना.

मला त्याचा राग आला. अजूनही येतो. त्याचं काय झालं म्हणाल, तर तो आणखीच ओरडू लागला. तिच्या तोंडासमोर उभा राहून गळ्याच्या शिरा फुगवून ओरडायचा. तिला नुसता उघडा जबडा दिसायचा. ती डोक्यावर दोन्ही हात धरून खाली बसायची.

आमचे तारबाबू गोव्याचे. त्यांच्याकडे एक गितार होती. संध्याकाळची गाडी गेली की फलाटावर बसून वाजवायचे. मिस्तरी तिला 'तारबाबूनं तुणतुणं' म्हणायचा. एका उन्हाळ्यात तिच्या पोटावरची, तारा अडकवायची पट्टी निघाली. तारबाबू ती मिस्तरीकडे घेऊन गेले, आणि तमाशा बघायला मीही गेलो. मिस्तरीने सरस लावून पट्टी बसवली. दुसऱ्या दिवशी तारबाबूंनी गितार पडवीतल्या कामाच्या लांब फळीवर टेकवली आणि तारा छेडल्या.

फळीच्या दुसऱ्या टोकाला मिस्तरीण ज्वारी निवडत बसली होती. तिचे हात सुपातच थांबले. तिने फळीवर तळवा ठेवला. मग वाकली आणि लाकडावर हनुवटी टेकवली. कितीतरी वेळ तशीच राहिली. "वाजी ऱ्हायनं," ती म्हणाली.

मिस्तरी हातातलं काम टाकून उठला. त्याने तारबाबूंच्या हातातून गितार जवळजवळ हिसकावून घेतली, उलटीसुलटी केली, आत डोळा घातला, सगळीकडे टक टक केलं. "हाई कसं करतस?" त्याने विचारलं. तारबाबूंना ती वाजवता येत होती, करता येत नव्हती. मिस्तरीने त्यावरून त्यांनाही एक शिवी दिली.

त्या दिवसापासून गाड्या मागे पडल्या. बायकोच्या हाडांत आवाज पोचवणारी एक पेटी आपल्या घरात पाहिजे, एवढाच त्याचा ध्यास. तिची माफी मागणं त्याच्या रक्तात नव्हतं. लाकडाशी झुंजणं होतं.

पहिली गितार त्याने गाडीसारखीच केली. जाड सागवान, आतून आडव्या पट्ट्या, वर खिळे. "वजन पेलाले जोयजे," म्हणाला. दोन बैल जुंपले असते तरी तिने हूं की चूं केलं नसतं, आणि तारा छेडल्या तरी केलं नाही. त्याने ठोकून पाहिलं. "मुकं शे!" आणि वाकस उचलला. लाकडाचे तुकडे पडवीभर उडाले. एक तुकडा तारबाबूंच्या कपाळाला लागला आणि त्यांना रुमाल बांधून तारा पाठवाव्या लागल्या. मिस्तरीणीने तुकडे गोळा केले आणि त्याच्या देखत चुलीत घातले. तो दुसरं लाकूड शोधायला निघाला.

दुसरीला त्याने शिवणीचं हलकं लाकूड घेतलं. बाजूच्या पट्ट्या पाण्यात भिजवायच्या आणि तापल्या लोखंडावर दाबून वळवायच्या. चाकाची लोखंडी धाव तापवून चढवणाऱ्या माणसाला हे काम पोरखेळ वाटलं. पण लोखंडाशी जी जोरजबरदस्ती चालते, ती शिवणीशी चालेना. पट्ट्या तडातड मोडत. मोडली पट्टी की तो भिंतीवर डोकं आपटायचा. खरोखरच आपटायचा, भिंतीचा पोपडा निघाला होता. हात भाजून काळे झाले. तीही गितार शेवटी वाकसाखाली गेली.

तिसरीच्या वेळी त्याने रंधा असा चालवला, की वरची फळी उन्हात धरली तर बोटांची सावली पलीकडून दिसावी. दाबायचं सोडून दिलं. पट्टी लोखंडावर ठेवून वाट बघत बसायचा. वाट बघणारा मिस्तरी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मुंबईहून तारांचं पार्सल आलं ते मीच नेऊन दिलं.

गितार जुळली त्या संध्याकाळी आम्ही चौघंच होतो. तारबाबूंनी तारा पिळल्या, वाजवून पाहिलं. मिस्तरीण शेजारी बसून गितारीच्या काठावर हनुवटी टेकवून होती, डोळे मिटून. मिस्तरी तारबाबूंच्या तोंडाकडे बघत होता.

तारबाबूंना खोटं बोलता येत नसे. तार पाठवताना चूक झाली तरी स्वतःहून सांगणारा माणूस. "बरो जाला रे," ते म्हणाले आणि स्वतःच्या गळ्याला हात लावला, "पूण आवाज मात्सो बसला."

बसला होता, हे खरंच. तारबाबूंच्या गितारीपुढे ती घसा धरल्यासारखी वाजत होती.

मिस्तरी उठला. वाकस त्याच्या हातात कधी आला ते कळलंही नाही. तारबाबूंनी गितार टाकून कुंपणाकडे धाव घेतली. मी ओरडलो, पण माझ्या ओरडण्याला कोण विचारतो?

हनुवटीखालची गितार निसटली म्हणून मिस्तरीणीने डोळे उघडले. वर उचललेला हात पाहिला. तो हात पाहिला की ती डोकं झाकून बसायची, हे सगळ्या खांडबाऱ्याला ठाऊक होतं. त्या दिवशी तिने डोकं झाकलं नाही. गितार पाठीमागे सारली, जमिनीवरचा लाकडी हातोडा उचलला आणि उठता उठता त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. वाकस त्याच्याच पायावर पडला.

"ते मन्हं शे!" ती ओरडली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. तिचा आवाज स्टेशनापलीकडे गेला असेल. "हात लावशी, ते दुसरा बी मोडसू!"

मिस्तरी मटकन खाली बसला. मनगटाकडे बघितलं, मग तिच्याकडे. मारील, असं मला वाटलं. तो तसाच बसून राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ते हाडाच्या दुखण्याचं होतं की कशाचं, हे मी सांगू शकत नाही.

चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेऊन हात बांधून आणला. आठवडाभरात त्याने रागारागाने बांधलेलं सोडून टाकलं, त्यामुळे मनगट वाकडंच जुळलं. त्या हाताने वाकस उचलवेना. गाड्यांचं काम दुसऱ्यांकडून करून घ्यायचा आणि बसल्या जागेवरून शिव्या द्यायचा. माणूस सुधारला, असं मी मुळीच म्हणणार नाही.

पण रोज दिवेलागणीला तो पडवीत गितार मांडीवर घ्यायचा. सूर त्याला कधीच आले नाहीत. वाकड्या हाताने तारा नुसत्या खरडायचा आणि मिस्तरीण काठावर हनुवटी टेकवून बसायची. आणि मधेच तो तारा थांबवून गितारीच्या भोकाशी तोंड नेऊन काहीतरी बोलायचा. ती मान हलवायची. कधी हसायची. कुंपणाअलीकडे मला एक अक्षर ऐकू यायचं नाही. ज्याची कुजबुज फलाटापर्यंत यायची, त्या माणसाचं बोलणं.

माझी बदली झाली. काही वर्षांनी त्या बाजूला गेलो तेव्हा मिस्तरी नव्हता; हिवतापाने गेला, असं कळलं. मिस्तरीण पडवीत एकटीच होती. तिने मला ओळखलं. खुंटीवर गितार होती, तारा गंजलेल्या. मी गितारीकडे आणि मग तोंडाकडे बोट करून खुणेने विचारलं: तो यात काय बोलायचा?

"शिव्या," ती म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून हसली. मग पदर सोडून म्हणाली, "पहिले मन्हं नाव. मंग शिव्या."

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. 'अगं' म्हणतो, 'ऐकलं का' म्हणतो, अमक्याची आई म्हणतो. चारचौघांत मिस्तरीने तिला 'ए'च्या पुढे कधी हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

तिने खुंटीवरून गितार काढली, मांडीवर घेतली आणि काठावर हनुवटी टेकवली. मग मला जवळ बोलावून भोकाकडे बोट दाखवलं.

मी वाकलो, तोंड भोकाशी नेलं. आतून सरसाचा आणि शिवणीचा वास आला. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं शेजारी राहूनही मला तिचं नाव माहीत नव्हतं. आम्ही सगळे तिला मिस्तरीणच म्हणत आलो.

"बोला ना, बाबू," ती डोळे मिटून म्हणाली.