बघू नंतर

“‘बघू नंतर’ कलमात बसत नाही,” असं म्हणून ते कीबोर्डवरून हात काढून घ्यायचे. मग समोरच्या जोडप्याने काहीतरी ठरवेपर्यंत ते हात मांडीवरच राहायचे.

मी वकील. शनिवार पेठेतल्या माझ्या ऑफिसात ते वीस वर्षं टायपिंग करत होते. संमतीने वेगळं होणारी जोडपी तुम्हीही पाहिली असतील. फ्लॅट आणि गाडीवरून महिनाभर भांडतात आणि बाकीचं पुढे ढकलतात. हे गृहस्थ ढकलू द्यायचे नाहीत. पोराला ताप आला तर रजा कोण टाकणार, तेही लिहून घ्यायचे. एकदा त्यांनी गौरींचे मुखवटे कोणाकडे, असं विचारलं.

“एकेक घेऊ,” नवरा म्हणाला.

“अहो, त्या बहिणी आहेत. त्यांचं काही बिनसलेलं नाही.”

बायको हसली आणि हसता हसता रडायला लागली. दोन्ही मुखवटे तिच्याकडे गेले.

काही वर्षांनी या गृहस्थांच्याच मुलाच्या घटस्फोटाचं प्रकरण माझ्याकडे आलं. बायको गेल्यावर पेठेतल्या दोन खोल्या विकून त्यांनी सगळे पैसे मुलाच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये घातले होते. राहायचेही तिथेच. कागदावर नावं मात्र मुलाची आणि सुनेची. मी म्हटलं, हे दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घेऊ.

“कशाला? लोक चुका फार करतात.”

फ्लॅट विकायचा, पैसे निम्मे. नात आईकडे, सुट्टीत बापाकडे. ते मान खाली घालून टाइप करत होते. शेवटी नेहमीसारखं विचारलं, “काही राहिलंय?”

“नाही, झालं सगळं,” मुलगा म्हणाला.

सून जरा थांबली. “बाबा कुठे राहणार?”

“ते बघू नंतर,” मुलगा मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला.

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात कीबोर्डवरच होते. त्यांनी प्रिंट काढली, पानं जुळवली आणि सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या केल्या.

मुलाचा मला भयंकर राग आला. पण वकील मी होतो. एक ओळ घाला म्हणायचं काम माझं होतं, आणि बापलेकांच्या मध्ये कशाला पडा म्हणून मी गप्प बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

सध्या ते वारज्याच्या पुढे एका वृद्धाश्रमात असतात. मागच्या महिन्यात भेटून आलो. मुलगा येतो का, असं विचारलं.

“येतो म्हणालाय.”

“कधी?”

“तारीख घातलेली नाही,” ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.