धुतलेल्या बाटल्या

गॅसवर गूळ विरघळायला लागला की मला अजून प्रयोगशाळाच आठवते. फळमाश्यांचं खाणं आम्ही गूळ आणि मक्याचं पीठ शिजवून करायचो. त्यांच्या गुणसूत्रांचे तुकडे पिढ्यानपिढ्या कसे उलटतात, जागा बदलतात, हे बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता त्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि सांगायचा मलाही कंटाळा येतो.

एका मे महिन्यात प्रयोगशाळा चार दिवस बंद होती, म्हणून माश्यांच्या बाटल्या मी शहाडला घरी आणलेल्या. बाजारातून आले तर आईने त्या स्वच्छ धुऊन ओट्यावर उपड्या घातलेल्या.

"अगं, सगळ्यांत चिलटं झालेली," ती म्हणाली. "वरच्या चिठ्ठ्या तेवढ्या जपून ठेवल्यात."

चार वर्षांचं काम गेलं. मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही.

पुढच्या मे महिन्यात नव्या बाटल्या घरी आणल्या. त्या ओट्यावर तशाच सुखरूप राहिल्या. धुवायला आई नव्हती.