मल्लम्माच्या गालातली बी

...तर राईच्या फाटकाला कुलूप होतं, इथवर काल आपण आलो होतो. रुद्रप्पानं कुलपाला दोनदा हिसका देऊन पाहिला, जसं काही आपल्या किराणा दुकानाचं शटरच! मागं त्याची बायको मल्लम्मा डोक्यावर तेलाचा डबा घेऊन उभी. डब्यात तेल नव्हतं, माती होती, आणि मातीत टीचभर उंचीचं खिरणीचं रोप. राईची राखणदार योगिता, वनखात्यातली पोरगी, नागपंचमीला अंबाजोगाईला माहेरी गेलेली. मग काय, नवरा-बायको डबा घेऊन आले तसे चौसाळ्याला माघारी.

आता ते रोप आलं कुठून, ते ऐका.

चौसाळ्याकडच्या डोंगरात एक खोरं आहे. चहूकडं कुसळी गवत आणि हिवराची झुडपं, पण खोऱ्यात उतरलं की गर्द राई, भर उन्हाळ्यातही हिरवीच. जुन्या रानाचा उरलेला तुकडा. आता वनखात्यानं जाळी मारलीय, पण त्याआधी पिढ्यान् पिढ्या लोकांनीच ती महादेवाच्या नावानं राखली. तिथला रिवाज साधा: आत पोटभर फळं खा, कुणी ना म्हणणार नाही, पण बी तिथंच थुंकायची. बाहेर नेली की देवाचं नेलं.

दोन वर्षांमागं उन्हाळ्यात दुकान बंद ठेवून सगळं घर राईत जेवायला गेलं. जेवता जेवता रुद्रप्पानं सगळ्यांदेखत आपल्या बहिणीच्या धपाट्यांची तारीफ केली. मल्लम्माचे धपाटे शेजारच्याच फडक्यात होते! झालं. मल्लम्मानं एक पिकली खिरणी तोंडात टाकली आणि तोंड मिटलं. जी बाई गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून गप्पा मारते, ती जीपमधून चौसाळ्यापर्यंत चकार शब्द बोलली नाही. रुद्रप्पाला घाम फुटला. "आगं, शिव्या दे, पण बोल की कायतरी!"

अखेर परसात पोचल्यावर तिनं तोंड उघडलं. "तुमच्या बहिणीला म्हणावं..." आणि टुणकन उडी मारून गालातली बी गेली थेट मोरीपाशी!

भांडण दिवेलागणीपर्यंत मिटलं, बी काही सापडली नाही. पावसाळ्यात ती आपणहून वर आली. देवाची वस्तू चुकून घरी आली म्हणून मल्लम्मानं आधी कान धरले, मग तांदूळ धुतलेलं पाणी घालू लागली. आणि यंदा मुलानं, योगीराजनं, परसात गोदामाचा पाया आखला. चुन्याची रेघ नेमकी खिरणीवरून! उपटू कसं देणार? देवाचं झाड. आणि खरं सांगायचं तर आता तिचंही. राईनं घेतलं नाही तर त्याला कुठंच जागा नव्हती.

पंचमी झाल्यावर दोघं पुन्हा निघाले. जाताना मल्लम्मानं योगीराजला दम भरला, "गवंडी आला तर त्याला चा पाजून बसीव. रेघंला हात लावू नकू."

या खेपेला फाटक उघडं. योगिता हसून म्हणाली, "या मावशी. डब्यात काय परसाद हाय का?"

"चल तर खरं, दावते."

चपला काढून तिघं आत शिरले. पायाखाली ओली पानं, वर पानांतून गळणारं कोवळं ऊन, ओढ्याचं पाणी खळाळतंय, आणि पलीकडं मोर असा ओरडला की रुद्रप्पा दचकून बाजूला झाला. डोक्यावरचं रोप खालच्या फांद्यांना घासत चाललं, तशी मल्लम्मा खुलली.

"बगा, बगा! कसं वळख दावाय लागलंय!"

"आगं, वारा हाय त्यो."

"तुमच्या बहिणीकडून आला आसंल!"

योगिताला हसू आवरेना. असं करत करत ते थोरल्या खिरणीपाशी आले. बुंधा दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा. मल्लम्मानं डबा खाली ठेवला, रुद्रप्पानं पिशवीतून खुरपं काढलं. तेव्हा कुठं योगिताच्या ध्यानात आलं. ती एकदम गंभीर झाली.

"मावशी, दर्शनाला आणलं आसंल म्हणून मी बोलले न्हाई. जाळीच्या आत बाहेरचं झाड लावायचं न्हाई, आसा नियम हाय."

मल्लम्माचं तोंड एवढंसं झालं. रुद्रप्पानं तर खुरपं परत पिशवीत घातलं. मल्लम्मा खाली बसून रोपाच्या पानावरचा चिखल पदरानं पुसू लागली.

योगितानं ते पाहिलं. मग रुद्रप्पापुढं हात केला, खुरपं मागून घेतलं आणि हातात फिरवत म्हणाली, "मावशी, साहेब येतेत फेरीला. बाहेरचं झाड आत कशाला आलं म्हणले, तर मी काय सांगू? त्यानला पटंल आसं सांगा, तरच खड्डा घेते."

मल्लम्मानं मान वर केली. म्हणाली, "आगं पोरी, बी हितलीच हाय ही. पंचमीला तू अंबाजोगाईला गेलतीस, तवा तुज्या आईनं दारात हुभं करून इचारलं का, ही बाहेरची बाई आत कशाला आली म्हणून? त्येच सांग सायबाला. आन् खड्डा जरा खोल घे."