चौऱ्याण्णव विरुद्ध त्र्याण्णव

कडूबाईला चाळीस मतांची आशा होती. फार तर पंचेचाळीस. तीन पोरींच्या पाठीवर चौथी झाली म्हणून बापानं तिचं नाव कडू ठेवलं होतं, आणि आपल्याकडून कुणी फार अपेक्षा करू नये हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. बाराव्या वर्षी हातात कोयता आला. वीस हंगाम ऊस तोडल्यावर कंबरेनं दगा दिला, तेव्हा ती शिरूर कासारजवळच्या आपल्या वाडीतच राहिली आणि शाळेत खिचडी शिजवू लागली. नवरा सटवा अजून ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचा. कुणाची निराधारची पेन्शन अडकली, कुणाचं रेशनकार्ड हरवलं की बाया शाळेच्या चुलीपाशी येऊन बसायच्या आणि कडूबाई दुपारची भांडी घासून त्यांना तहसीलला घेऊन जायची.

त्या वर्षी सरपंचपद बाईसाठी सुटलं. गावात दोन पॅनेल. त्यातल्या एकाचे पुढारी विजयसिंह. शंभर एकरांचे धनी, बोलायला गोड. त्यांनी धाकट्या भावाची बायको सुनिता हिचं नाव पुढं केलं. पण ऊसतोड्यांच्या वस्तीवरच्या लोकांनी कडूबाईचं नाव लावून धरलं. दोघी उभ्या राहिल्या तर पॅनेल बुडणार हे सगळ्यांना दिसत होतं.

"आपसातच मतदान घेऊ," विजयसिंह म्हणाले. "घरटी एक चिठ्ठी. जिला जास्ती, तीच उमेदवार. माझा शब्द हाय."

त्यांनी शब्द दिला, कारण निकाल काय लागणार याची त्यांना खात्री होती.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात झाकणाला फट पाडलेला पत्र्याचा डबा ठेवला. निवृत्त शिक्षक बद्रीनाथ गुरुजी मोजायला बसले. अकरा घरं आधीच कारखान्यावर गेली होती. त्यांचं मत फोनवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं घ्यायचं ठरलं. त्याला विजयसिंहांनीही मान हलवली होती.

डबा उघडला. सुनिता एक्याण्णव, कडूबाई पंच्याऐंशी.

पंच्याऐंशी! कडूबाईनं खांबाला हात लावला. आपलं नाव गुरुजींच्या तोंडून पंच्याऐंशी वेळा निघालं, आणि दर वेळी तिला वाटत होतं की हे नजरचुकीनं वाचतायत. पलीकडं विजयसिंहांचा भाचा सत्यम गुलालाची पिशवी सोडू लागला.

"थांब रे," गुरुजी म्हणाले. "फोन राहिलेत."

फोन लागत गेले. कुणी उसाच्या फडातून बोललं, कुणी ट्रॅक्टरच्या आवाजातून ओरडलं. दोन मतं सुनिताला पडली. नऊ कडूबाईला. गुरुजींनी बेरीज केली, पुन्हा केली, चष्मा पुसला.

"कडूबाई चौऱ्याण्णव. सुनिताबाई त्र्याण्णव."

सत्यमच्या हातातली पिशवी तशीच राहिली. कडूबाई खांबाला टेकून खाली बसली. तिला आनंद झाला नव्हता, भीतीच वाटली होती.

भीती खोटी नव्हती. संध्याकाळपर्यंत सत्यमनं नवीन सूर लावला. फोनवर कोण बोललं हे कुणी बघितलं? आवाज काय, कुणाचाही काढता येतो. डब्यातली मतं तेवढी खरी, म्हणजे सुनितामामी सहा मतांनी निवडून आल्या. वस्तीवरचे म्हणायचे, ऊस तोडायला गेलो म्हणून आमी गावचे न्हाई का? मग कुणीतरी उकरून काढलं की एका घरात दोन चुली असून चिठ्ठी एकच पडली. पिठाच्या गिरणीवर, चहाच्या टपरीवर, दूध घालायच्या रांगेत तोच विषय. सख्ख्या जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. कडूबाईनं खिचडीत दोनदा मीठ टाकलं.

चौथ्या दिवशी विजयसिंहांनी मारुतीच्या पारावर बैठक बोलावली. "फोनची मतं बाद," त्यांनी सांगून टाकलं. "कडूबाई, तुमी नाराज होऊ नका. तुमाला सदस्य करू."

कडूबाई मान खाली घालून ऐकत होती. शब्द मोडला याचा तिला धक्का बसला नाही. मोठ्यांचा शब्द किती दिवस टिकतो हे तिनं पाहिलं होतं. "बरं" म्हणून उठावं, असा विचार करत असतानाच बायकांच्या घोळक्यातून सुनिता उठली. डोक्यावर पदर, आवाज बारीक.

"दादा, माझ्या घरची चिठ्ठी मी टाकलेली. हे पुण्याला होते ना."

"मग?"

"मी कडूबाईंचं नाव लिवलं."

विजयसिंहांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. कडूबाईनं मान वर केली. तिच्या कानांवर तिचाच विश्वास बसेना. या बाईशी ती आजवर चार शब्द बोलली नव्हती. हिनं आपलं नाव लिहिलं?

"मामी, येडी झालीस का?" सत्यम ओरडला. "सोताच्या विरोधात?"

"फोन तुमीच मान्य केले होते," सुनिता विजयसिंहांकडं बघत म्हणाली. "त्या जिंकल्यात. मी अर्जावर सही करणार न्हाई."

एवढं बोलून ती बसली, आणि लगेच उठून घरी गेली.

अर्ज कडूबाईनं भरला. विजयसिंह उघड काही बोलले नाहीत, पण त्यांच्या भावकीतली घरं गुपचूप दुसऱ्या पॅनेलकडं गेली. मतदानाला टोळ्या आणायला पॅनेलनं सोडायच्या गाड्या सुटल्याच नाहीत. सटवा दोन बस बदलून एकटाच आला. कडूबाई एकसष्ट मतांनी पडली. त्या निकालावर गावात कुणी वाद घातला नाही. रविवारच्या चिठ्ठ्यांवर मात्र अजून घालतात.

निकालाच्या आठवड्यात सुनिता शाळेत आली, पोरीचा डबा विसरला म्हणून. कडूबाई चुलीपुढं होती.

"ताई, एक इचारू?" कडूबाईनं विचारलं. "कावून केलंत असं?"

सुनितानं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "त्या घरात मला आजवर कुणी काही इचारलंच न्हाई. त्या दिवशी पहिल्यांदा कागद हातात दिला, आन् कुणी बघत नव्हतं."

"आन् तुमी माझं नाव लिवलं?"

"लिवताना मलाबी धक्काच बसला," सुनिता म्हणाली, आणि डबा पोरीला द्यायला वर्गाकडं गेली.

कडूबाई हातातली पळी धरून उभीच राहिली. भात खाली लागल्याचा वास आला तेव्हा कुठं ती भानावर आली.